पडणारी बाई खरी असते

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात 'कम ड्रिंक विथ मी' हा हाँगकाँगचा जुना चित्रपट दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

काल रात्री सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तरी मोठ्या खोलीत एक वाजेपर्यंत हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. कुणीतरी गादीवर उड्या मारून बघत होतं, कुणीतरी लाटणं तलवारीसारखं धरलं होतं. मी शेजारच्याच खोलीत होते, त्यामुळे सगळं ऐकलंय. तेव्हा आज कुणी जांभया दिल्या तरी माझी तक्रार नाही.

पण सिनेमा लावण्याआधी एका कार्यकर्तीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, वर्षभर आपण मारहाणीच्याच केसेस बघतो. पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट. शिबिरात तरी हाणामारी कशाला बघायची?" प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. आजचं माझं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. उत्तर पुरतं सापडलंय असं नाही. शेवटी तुम्हीच सांगायचं.

आधी सिनेमाविषयी थोडं. 'कम ड्रिंक विथ मी' १९६६ सालचा. शॉ ब्रदर्स नावाच्या हाँगकाँगच्या मोठ्या कंपनीनं काढलेला, दिग्दर्शक किंग हू. गोष्ट जुन्या काळातल्या चीनमधली. दरोडेखोर एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाला पळवून नेतात आणि त्याच्या बदल्यात आपला पकडलेला म्होरक्या मागतात. मुलाला सोडवायला त्याची बहीण येते, पुरुषाच्या वेषात. तिचं नाव सोनेरी पाकोळी, म्हणजे गोल्डन स्वॅलो. एका खाणावळीत ती एकटी बसते. भोवती गुंड जमतात, डिवचतात, वस्तू फेकतात, अंगावर येतात. ती जागची फारशी हलतही नाही आणि एकेकाला थोपवते.

हा प्रसंग चालू असताना सभागृहात किती शांतता होती, आठवतंय ना? आणि तो संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "घाई करत नाही बघ ती!" मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. ती घाबरत नाही, ती ताकदवान आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. ती घाई करत नाही, असं म्हणाल्या. चारी बाजूंनी पुरुष आहेत, सगळ्यांच्या नजरा अंगावर आहेत आणि बाई तिथं निवांत बसलीय. आपल्यातल्या किती जणी एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर अशा बसू शकतात? आपण अंग चोरून बसतो, पिशवी छातीशी धरतो, काम आटोपून निघायची घाई करतो. तिच्या तलवारीच्या आधी तिचं ते बसणं आपल्याला भिडलं.

आता ती बाई कोण होती? चेंग पेइ-पेइ. जन्म १९४६चा, शांघायचा. म्हणजे हा सिनेमा केला तेव्हा ती विशीतली पोर. ती काही युद्धकला शिकून आलेली नव्हती. ती बॅले, म्हणजे पाश्चात्य नृत्य, शिकलेली होती. किंग हूला नेमकं तेच हवं होतं, कारण त्याच्या मते लढाई हे एक प्रकारचं नृत्यच. पेकिंग ऑपेरा नावाचं जे चिनी संगीत नाटक आहे, त्यातल्या ढोलाच्या तालावरच्या लढाया त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. म्हणून काल तुम्ही पाहिलंत, की ती आधी थांबते, नजर फिरवते, सगळं स्तब्ध होतं आणि मग एकदम हालचाल होते. आपल्या तमाशात ढोलकीचा तोडा संपून सम येते, तसं.

'खरं' ही भानगड इथं येते. जुन्या काळातल्या गोष्टींवरचे, तलवारी आणि हातापायांनी लढायचे हे जे सिनेमे हाँगकाँग आणि तैवानमध्ये निघाले, त्यांच्याबद्दल लोक नेहमी म्हणतात, यातलं सगळं खरं असतं. खरं म्हणजे नक्की काय? ठोसा खरा नसतो, म्हणजे पूर्ण जोरानं मारलेला नसतो. तलवारीला धार नसते. कोण कुठं वाकणार, कोण कधी पडणार हे ठरवून, पुन्हा पुन्हा तालीम करून बसवलेलं असतं. पण उडी खरी असते. पडणं खरं असतं. पाय डोक्याच्या वर जातो तो त्याच माणसाचा जातो. खाली कधी गाद्या असतात, कधी पुठ्ठ्याचे खोके, कधी काहीच नसतं. गुरुत्वाकर्षणाला कुणी सांगून ठेवलेलं नसतं की हा सिनेमा आहे, जरा हळू.

हे प्रेक्षकाला दिसावं म्हणून चित्रीकरणाची एक पद्धतच रूढ झाली. लाउ कार-ल्युंग नावाचे एक दिग्दर्शक होते, स्वतः लढवय्ये, युद्धकलेच्या परंपरेत वाढलेले. त्यांच्या सिनेमात कॅमेरा लांब उभा राहतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि दृश्य मध्येच तुटत नाही. आपल्या हिंदी सिनेमात हिरॉइन कुणाला थोबाडीत मारते तेव्हा काय दिसतं, आठवा. एकदा हात, एकदा तिचे डोळे, एकदा व्हिलनचा गाल, मग पुन्हा तिचा चेहरा, केस भुरुभुरु उडताहेत. बाईचे तुकडे केलेले असतात. ओठ वेगळे, कंबर वेगळी, पाठ वेगळी. या सिनेमात बाई अख्खी दिसते. तिची कंबर दिसते ती वळण्यासाठी, पाय दिसतो तो रोवण्यासाठी. कॅमेऱ्याला पूर्ण बाई बघावी लागते, कारण तुकडे केले तर तिचं कसबच दिसणार नाही. माझ्या मते या सिनेमांचं आपल्याला जे आकर्षण वाटतं, त्याचं खरं कारण हे आहे.

आता थोडा इतिहास, कारण हे आभाळातून पडलेलं नाही. पेकिंग ऑपेरात लढाऊ स्त्रीची एक ठरलेली भूमिका असते, तिला 'वूदान' म्हणतात. पण कितीतरी काळ या भूमिका पुरुषच करत होते, कारण बाईनं रंगभूमीवर यायचं नाही. आपल्याला हे नवीन नाही. बालगंधर्वांचं शालू नेसणं पाहून घरंदाज बायकांनी शालू नेसायला शिकावं, असा आपलाही काळ होता. बाईपण कसं असावं हे पुरुषानं करून दाखवायचं आणि बाईनं घरात बसून शिकायचं. चीनमध्ये तर लढाऊ बाईसुद्धा पुरुषच होता.

सिनेमा आला आणि हे बदलायला लागलं. १९२० नंतरच्या दशकात शांघायमध्ये लढाऊ बायकांच्या सिनेमांची लाटच आली. १९२९ सालचा 'रेड हिरॉइन' हा मूकपट आजही पाहायला मिळतो. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या सरकारनं अंधश्रद्धा पसरते असं म्हणून अशा चमत्कारांच्या सिनेमांवर बंदी आणली आणि ती लाट ओसरली.

चिनी भाषेत या बायकांना एक शब्द आहे, 'नू-श्या'. अन्यायाविरुद्ध हत्यार उचलून गावोगाव फिरणारी बाई. आणि आपल्याकडे? आपण शूर बाईला 'मर्दानी' म्हणतो. कोल्हापुरात लाठी, तलवार, दांडपट्टा असं सगळं आहे, मुलीही आज ते शिकतात, पण नाव काय, तर 'मर्दानी खेळ'. म्हणजे मुलीनं दांडपट्टा फिरवला तरी कौतुक मर्दाचं. मला वाटतं, नव्या शब्दाचं काम आपल्यापैकी कुणीतरी अंगावर घ्यावं.

पण आपल्याकडेही एक बाई होऊन गेली आणि तिच्याविषयी बोलल्याशिवाय मुंबईच्या मैत्रिणी मला सोडणार नाहीत. नादिया. मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. परळच्या वाडिया मूव्हीटोननं १९३५ साली तिला घेऊन 'हंटरवाली' काढला. राजाची मुलगी, बाप दुष्ट प्रधानाच्या कैदेत, आणि ही मुखवटा घालून, चाबूक घेऊन, घोड्यावर बसून गरिबांच्या बाजूनं लढते. नादिया आपली स्टंटची कामं स्वतः करायची. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करताना दिसली. त्या वेळचे समीक्षक अशा सिनेमांना हसायचे, पण चार आण्यांच्या तिकिटावर बसणारा प्रेक्षक शिट्ट्या वाजवायचा. नादिया १९९६ साली गेली. तिच्यावर रियाद वाडियांनी १९९३ साली एक माहितीपट केलाय, गटांत जरूर दाखवा. तिला हे सगळं करायला मिळालं याचं एक कारण ती गोरी, परकी बाई होती हेही आहे. इथल्या घरातल्या मुलीला समाजानं तो चाबूक हातात धरू दिला नसता. हेही डोळ्यांआड करू नये.

आता एक दंतकथा सांगते. इतिहास म्हणून नाही, गोष्ट म्हणूनच ऐका. दक्षिण चीनमध्ये 'विंग चुन' नावाची हातघाईची एक युद्धकला आहे. गोष्ट अशी, की यिम विंग-चुन नावाच्या मुलीवर गावातला एक दांडगट लग्नाची जबरदस्ती करत होता. एका बौद्ध भिक्षुणीनं तिला आपली विद्या शिकवली. मुलीनं सांगितलं, मला हरवलंस तर लग्न करीन. आणि तिनं त्याला लोळवलं. म्हणजे जगभर पुरुष जी कला आज अभिमानानं शिकवतात, तिच्या मुळाशी सांगितली जाते ती गोष्ट दोन बायकांची आहे, आणि जबरदस्तीच्या लग्नाला दिलेल्या नकाराची आहे.

यावर १९९४ साली 'विंग चुन' नावाचा सिनेमा निघाला, मिशेल यो त्यात नायिका आहे. त्यात तिच्या घरचा धंदा टोफू विकायचा. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, हात लागला तरी फुटणारं. एक गर्विष्ठ लढवय्या येतो, तेव्हा पैज लागते की त्यानं टोफूची लादी फोडून दाखवावी आणि हिनं ती वाचवावी. तो एवढा धिप्पाड गडी घाम गाळतो, पण टोफूला त्याचा हात लागत नाही. ज्यांनी कडेवर मूल घेऊन, पायात घोटाळणारं दुसरं सांभाळत उकळतं दूध उतरवलंय, त्यांना ते कसब काय आहे हे समजावून सांगावं लागणार नाही. बाईचं रोजचं काम म्हणजे असंच. सगळं जग फोडायला टपलेलं आणि आपण लादी वाचवतोय. फरक इतकाच, की त्या सिनेमात भोवती माणसं गोळा होतात आणि टाळ्या वाजवतात.

मैत्रिणींनो, इथपर्यंत कौतुक झालं. आता दुसरी बाजू.

कालच्या सिनेमाचा उत्तरार्ध आठवा. सोनेरी पाकोळीला विषारी बाण लागतो. मग तिला वाचवतो कोण? एक दारुडा, जो खरं तर थोर लढवय्या निघतो. पुढं ती बायकांची तुकडी घेऊन लढते, ते दृश्य छानच आहे. पण शेवटची, निकालाची लढाई कुणाची? त्या पुरुषाची आणि त्याच्या वैऱ्याची. बाई बाजूला. अर्ध्या सिनेमापर्यंत गोष्ट तिची होती, ती कधी त्याची झाली हे आपल्याला कळलंसुद्धा नाही.

हे एकाच सिनेमात होतं असं नाही. १९८१ सालचा 'माय यंग ऑन्टी' घ्या. मला तो फार आवडतो, कारण त्यातला पेच अगदी आपल्या घरातला आहे. एक तरुण मुलगी म्हाताऱ्या मालकाशी लग्न करते, त्याच्या मरणाआधी, एवढ्यासाठी की इस्टेट त्याच्या लबाड भावाच्या घशात जाऊ नये. ती विधवा होते आणि एकदम खानदानात वडीलधारी बनते. तिच्यापेक्षा कितीतरी मोठा पुतण्या तिला काकू म्हणून वाकून नमस्कार करतो. कारा हुईनं ही काकू अशी रंगवलीय की बघत राहावं. एकीकडे नात्याचा मान सांभाळायचा, दुसरीकडे तरुण वय, आणि हात-पाय तर विजेसारखे. पण शेवटी काय होतं? काकू शत्रूच्या घरात पकडली जाते आणि तिला सोडवायला म्हातारे पुतणे आणि त्यांचे भाऊबंद निघतात. मोठी लढाई तेच लढतात. 'विंग चुन'च्या शेवटी लग्न आहेच.

तेव्हा मला असं वाटतं, की हे सिनेमे बाईला एका हातानं देतात आणि गोष्टीच्या शेवटी दुसऱ्या हातानं काढून घेतात. पण सगळं काढून घेता येत नाही. कागदावर लिहिलेली गोष्ट बदलता येते. पडद्यावर तिनं मारलेली उडी मागे घेता येत नाही. कारण ती खरी होती. काल रात्री गादीवर उड्या मारणाऱ्या पोरी शेवटच्या लढाईची नक्कल करत नव्हत्या, खाणावळीची करत होत्या. आपण शेवट विसरतो आणि देह लक्षात ठेवतो.

एक वेगळं उदाहरणही सांगते, नाहीतर अन्याय होईल. किंग हूचाच 'अ टच ऑफ झेन', १९७१ सालचा. शू फेंग नावाच्या नटीनं त्यात एका मारल्या गेलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या मुलीचं काम केलंय. बांबूच्या बनातली त्यातली लढत जगभर गाजली, सिनेमाला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. पण मला सांगायचंय ते दुसरंच. या बाईला एका गरीब, पुस्तकी माणसापासून मूल होतं. आणि ती ते मूल बापाच्या ओटीत घालून मठात निघून जाते. मूळ गोष्ट तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका चिनी कथासंग्रहातली आहे. तिथंही बाई मूल बापाकडे देते. त्या काळात एका पुरुषानं हे लिहिलं, याचं मला नवल वाटतं.

आणि आणखी एक, कारण काल पाहिलेली तरुण चेंग पेइ-पेइ त्यात म्हातारी होऊन परत येते. १९७०च्या सुमारास लग्न करून ती अमेरिकेला गेली, भर जोरात असलेलं काम मागे राहिलं. हेही आपल्या ओळखीचंच. पुढं ती कामाकडे परतली आणि २००० सालच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये तिनं जेड फॉक्स नावाची खलनायिका केली. ही जेड फॉक्स खलनायिका का झाली? तिला विद्या शिकायची होती. गुरूनं तिला अंथरुणात घेतलं, पण बाई म्हणून शिष्या करून घेतलं नाही. तिनं त्याला विष घातलं आणि पोथी चोरली. पण तिला अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे ती नुसती चित्रं पाहून शिकत राहिली. तिची शिष्या बड्या घरची, शिकलेली. ती गुपचूप मजकूर वाचून पुढं निघून गेली. साक्षरता वर्ग चालवणाऱ्या मैत्रिणींनो, हा प्रसंग तुमच्यासाठी आहे. अक्षर नसलेल्या बाईला नुसती चित्रं मिळतात, आणि बाईबाईंमध्येही अक्षराची भिंत उभी राहते. चेंग पेइ-पेइ २०२४ साली वारली.

आता मला सगळ्यात अवघड वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. पडणं खरं असतं असं मी म्हणाले. मग पडणाऱ्या बाईचं काय होतं?

मिशेल योचं घ्या. ती मलेशियाची, तिलाही बॅले नर्तकी व्हायचं होतं, पाठीच्या दुखण्यामुळे ते सुटलं. १९९६ साली अ‍ॅन हुई या स्त्री दिग्दर्शकाचा सिनेमा ती करत होती. सिनेमा कशावर? स्टंट करणाऱ्या एका बाईच्या आयुष्यावर. त्यातच पुलावरून उडी मारताना खाली अंथरलेल्या गाद्या-खोक्यांवर ती चुकीची पडली आणि तिच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. 'क्राउचिंग टायगर'च्या वेळी गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. तिला २०२३ साली ऑस्कर मिळालं, सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पण हे झालं नामवंत बाईचं.

अँजेला माओ तैवानची. ऑपेरावाल्यांच्या घरातली, पाच-सहा वर्षांची असल्यापासून शरीर घडवलेलं. १९७२ साली 'हापकिडो'सारख्या सिनेमात तिनं सबंध सिनेमा खांद्यावर पेलला. १९७३च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ती ब्रूस लीच्या बहिणीच्या भूमिकेत आहे. काम थोडं, पण गुंडांच्या टोळीशी तिची झुंज ज्यानं पाहिली तो विसरला नाही. त्या सिनेमानं जगभर अमाप पैसा केला. तिला त्या भूमिकेचे मिळाले शंभर डॉलर. पुढं तिनं सिनेमा सोडला आणि न्यूयॉर्कमध्ये कुटुंबाबरोबर हॉटेलं चालवली.

आणि आपली काकू, कारा हुई. लहानपणी तिनं हाँगकाँगच्या रस्त्यावर भीक मागितली, खलाशांना च्युइंगम विकलं. तिथून शॉ ब्रदर्सपर्यंत. १९८२ साली हाँगकाँग चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार तिला मिळाला, 'माय यंग ऑन्टी'साठी. नंतर लाट बदलली, कामं कमी झाली. तिला नैराश्यानं घेरलं, जीव द्यायचा प्रयत्नही केला, हे तिनं स्वतः उघड सांगितलंय. त्यातून ती उठली आणि २०१० साली तोच पुरस्कार पुन्हा घेतला. रस्त्यावरच्या पोरीला वर काढणारं कसब आणि वापरून फेकून देणारा धंदा, दोन्ही एकाच जागी.

लांब कशाला जायचं. 'शोले' आपण सगळ्यांनी पाहिलाय. १९७५. बसंतीचा टांगा उधळतो, मागं डाकू. तो टांगा कितीतरी प्रसंगांत हेमामालिनी हाकत नव्हती. रेश्मा पठाण नावाची बाई हाकत होती. गरिबाघरची मुलगी, पोरवयातच या कामात आली, पुरुषांच्या स्टंट संघटनेत सभासद झालेली पहिली बाई. सबंध देशानं तिला पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही. २०१९ साली तिच्यावर 'द शोले गर्ल' नावाचा सिनेमा निघाला, तेव्हा कुठं अनेकांना तिचं नाव कळलं. आणि तिच्या आधी काय होत होतं? हिरॉइनच्या जागी पुरुषाला केसांचा टोप आणि साडी घालून उडी मारायला लावायचे. परदेशातही हा प्रकार चालत आलाय. म्हणजे जोखमीच्या कामाचे पैसे आले की तिथं पुन्हा पुरुष. बालगंधर्व संपले म्हणता म्हणता असे परत येतात.

काम करणारी दिसत नाही, तिनं केलेलं काम मात्र दिसतं, हे आपण घरकामाबद्दल किती वर्षं सांगतोय! मोलकरणींच्या मोर्चात आपण हीच घोषणा देतो. मग करमणूक म्हणून बघायला बसल्यावर ही नजर दाराबाहेर का ठेवायची? खऱ्या उडीचा आनंद घ्यायचा असेल, तर ती मारणाऱ्या बाईचं नाव, मजुरी, विमा आणि मोडलेलं हाड यांची चौकशी करणं आपल्याकडे लागतं. काहीजण म्हणतील, मग संगणकावर करा, कुणाला लागायला नको. जिथं जीव जाईल तिथं जरूर करा, गाद्या दुप्पट घाला, दोऱ्या नीट तपासा. पण बायकांना कामच देऊ नका, हा सुरक्षिततेचा अर्थ मला मान्य नाही. रात्रपाळीच्या प्रश्नावर आपण हेच म्हणालो होतो.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. मारहाणीच्या केसेस बघणाऱ्यांनी हाणामारी का बघायची?

मी वस्तीत मुलींचे स्वसंरक्षणाचे वर्ग घेत आले. सुरुवातीला मला वाटायचं, चार डाव शिकवले की झालं. एकदा वर्गाच्या दारात एक बाई रोज येऊन उभी राहायची. नवरा मारायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मी उत्साहानं म्हटलं, "या ना, शिका, पुन्हा त्याची हात उचलायची हिंमत होणार नाही." ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी मारीन हो. पण मग रात्री पोरं घेऊन कुठं जाऊ?" त्या दिवशी मी जे शिकले ते कुठल्या सिनेमानं शिकवलं नाही. तिला लाथेआधी छप्पर हवं होतं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा आपण मागितला तो यासाठीच. त्या घरात राहायचा तिचा हक्क त्यात लिहिलेला आहे. तेव्हा सिनेमा बघून कुणाही बाईला "तू का नाही उलटून मारलंस?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न आधीच सगळं गाव तिला विचारतंय. पडद्यावर समोरचा माणूस ठरवल्याप्रमाणे पडतो. घरात तो पडत नाही.

तरी मी हा सिनेमा लावला. कारण तीच बाई पुढं वर्गात यायला लागली. लढायला नाही, नुसतं पळायला, वाकायला, मोठ्यानं ओरडायला. मला लहानपणी चिंचेवर चढून पडले म्हणून मार बसला होता. हात मोडला होता त्याचं कुणाला काही नव्हतं, पोरीच्या जातीनं झाडावर चढावंच का, यासाठी मार होता. आपल्यातल्या बहुतेकींना असं कुठल्यातरी वयात थांबवलंय. दहाव्या वर्षी, अकराव्या वर्षी. उड्या मारू नकोस, पाय जवळ घे, हळू चाल. तेव्हापासून हा देह आपल्याकडे असतो तो मार खायला, राबायला आणि बाळंत व्हायला. हे सिनेमे पाहताना तासभर आठवतं की या देहाला आणखीही काही येतं. वळता येतं, तोल सावरता येतो. पडून उठता येतं. चेंग पेइ-पेइ आकाशातून आली नव्हती, तालीम करून आली होती, तिच्या घोट्यालाही आपल्याएवढीच हाडं. संगणकानं उडवलेल्या बाईकडे बघून हे वाटत नाही. ती वाऱ्यावर असते. ही जमिनीवर असते, म्हणून तिच्याशी आपलं नातं जुळतं.

तेव्हा गटागटांत हे सिनेमे दाखवा, असं मी सुचवते. मुलींना बरोबर घेऊन बघा. शेवटच्या लढाईच्या आधी सिनेमा थांबवून विचारा, आता कोण लढणार आणि का? संपल्यावर नावांची पाटी पूर्ण वाचा, दिवे लगेच लावू नका. स्टंट करणाऱ्यांची नावं शोधा, त्यांत बायका किती ते मोजा. आणि मग पटांगणात जा, अर्धा तास धावा. साडीत धावता येत नसेल तर ओचा खोचा.

माझं बोलणं संपलं. काल लाटणं घेऊन लढणारी कोण होती, तिनं आधी उठावं आणि बोलावं. बाकीच्या जणी मागून.